काळ्या तेलाचं शीड

मी दुसरीत असताना शाळा सोडली. मास्तरांनी काढून टाकलं असं आमच्या भावकीत सांगतात, ते खोटं आहे. पाटीवर वजाबाकी करायच्या जागी मी मास्तरांचं तोंड काढलं होतं. ते म्हणाले, पूस. मी पुसलं नाही, पाटी काखेत मारली आणि घरी आलो. त्यानंतर आजपर्यंत मी काढलेली रेघ कुणाच्या सांगण्यावरून पुसलेली नाही. हे लिहितोय तेही तसंच. धाकटी नात म्हणते, आजोबा, तुमचं शुद्धलेखन मी बघते. म्हटलं, ऱ्हस्वदीर्घ काय हवं ते बघ, पण माझा शब्द जागचा हलवायचा नाही.

आमचं घर पनवेलच्या बंदराला लागून होतं. मागच्या दाराची पायरी आणि खाडी यांच्यामध्ये फक्त आमची होडी. भरती आली की होडी दोराला ओढ देऊन करकरायची, ओहोटी लागली की चिखलात एका कुशीवर कलंडायची, आणि त्या दोन आवाजांवरून आय चुलीवर काय कधी ठेवायचं ते ठरवायची. करकर थांबली की बा अर्ध्या घटकेत जेवायला येणार. भाकरी तांदळाची, पातळ, परातीएवढी. कालवण निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या त्या माशांचं, असलं तर बा बोलत नसे, नुसता जेवायचा. बाहेर मिठाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज, मोहल्ल्यातली बांग, होड्यांच्या फटीत कापूस ठोकणाऱ्या सुतारांची ठकठक. एवढ्या गलक्यात मी वाढलो. आता बाराव्या मजल्यावर राहतो. खिडक्या लावल्या की काही ऐकू येत नाही, याचं घरातल्या सगळ्यांना फार कौतुक आहे.

माझं काम होड्या रंगवायचं. बापाबरोबर डोलीचं जाळं लावायला जायचोच, पण नारळी पुनवेच्या आधी पंधरा दिवस मला कुणी जाळ्याला हात लावायला सांगत नसे. बंदरातल्या प्रत्येक होडीच्या नाकावर दोन डोळे, बाजूला वेल, मागे एखादा मासा किंवा मोर, सगळं माझ्या हातचं. एकाने सांगितलं, माझ्या होडीवर वाघ काढ. म्हटलं, वाघ पाण्यात काय करणार? तो म्हणाला, मी सांगतो म्हणून काढ. मी काढला नाही. त्याची होडी त्या वर्षी बिनडोळ्याची गेली, आणि पुढच्या वर्षी तो मुकाट्याने मासा काढून घेऊन गेला.

लढाई चालू होती, पण ती आमच्यापासून लांब होती. आम्हाला ती कळायची ती कापडाच्या आणि रॉकेलच्या कंट्रोलमधून. दुकानात रांग, हातात रिकामी बाटली, आणि पुढच्या माणसाचं होईपर्यंत डबा संपलेला. मुशी माशाचं तेलही बाजारातून नाहीसं झालं होतं. हे तेल आमच्या धंद्याचा जीव. दर हंगामाला होडी उलटी घालायची, तिच्या बुडाला मुशीचं तेल आणि राळ फासायची, म्हणजे लाकूड कुजत नाही आणि किडा लागत नाही. त्या साली बा होडीच्या बुडावरून हात फिरवायचा आणि हात हुंगायचा. नुसत्या लाकडाचा वास यायचा.

आणि मग थंडी सरता सरता एक दिवस भरतीने आमच्या बंदरात तेल आणून टाकलं. पहाटे आय मागचं दार उघडून ओरडली, "हऱ्या, खाडीला काय झालंय बघ." मी बघितलं तर चिखल चमकत होता. तिवरांच्या मुळांना, दगडांना, धक्क्याच्या पायऱ्यांना काळं, जाड, काकवीसारखं तेल. बोट लावलं तर लांब तार निघाली. तासाभरात अख्खी वाडी चिखलात. हंडे, घमेली, फुटकी मडकी, पोरांच्या हातात नारळाच्या करवंट्या. बायका हसत होत्या. बा गुडघाभर चिखलात उभा राहून हंडा भरत होता आणि म्हणत होता, "सरकार देत नाय, तं दर्यानं दिलं." नाक्याचा शिपाई पण आला. हा माणूस उन्हापावसात काळी छत्री काखेत घेऊन फिरायचा, बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर त्याची नजर. त्याने आमच्याकडून एक बादली भरून घेतली आणि चौकीमागे नेली. दुपारी मी तिकडून गेलो तर तो छत्री उघडी टाकून चिंधीने तिला तेल फासत होता. मला बघून म्हणाला, "पावसाळ्यात एक थेंब गळणार नाही, बघ." शहाणा माणूस. आम्हीही तेवढेच शहाणे.

त्याच दिवशी होडी कलती करून आम्ही बुडाला तेल लावलं. पहिली आमची, मग दुसरी, मग रांगच लागली. संध्याकाळी बंदरातल्या सगळ्या होड्या नव्या नवरीसारख्या चमकत होत्या.

ते तेल वाळत नाही, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. मुशीचं तेल लाकूड पिऊन टाकतं. हे पीत नव्हतं. ऊन लागलं की होडीला काळा घाम फुटायचा. तो डोलीला लागला, दोराला लागला, होडीत गुंडाळून ठेवलेल्या शिडाला लागला. आयने शीड राखेने धुतलं, रिठ्याने धुतलं, डाग नुसते पसरले. आणि मासे. निवट्या चिखलावर उताण्या पडलेल्या, चिंबोऱ्यांचे डोळे काळे झालेले, एक बगळा पंख चिकटून तिवरात अडकलेला, त्याला सोडवायला गेलो तर त्याने मला चोच मारली आणि संध्याकाळी मेला. आय टोपली घेऊन पेठेत गेली आणि तशीच भरलेली टोपली घेऊन परत आली. "काय झालं?" बाने विचारलं. ती म्हणाली, "बामणआळीत कोण माशे घेत नायत ते घेत नायत, पन आज मोहल्ल्यात पन नाय घेतले. बोंबलाला रॉकेल मारून आनलंस का, इचारतात." त्या रात्री आम्ही भाकरी चिंचेच्या सारात बुडवून खाल्ली. बाने अंगणात आमच्याच बोंबलाचा एक तुकडा तोंडात टाकला, चावला, थुंकला, आणि कुणाला न सांगता झोपायला गेला.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण सरकारचं लढाईचं तेल कुठेकुठे चोरीला जातंय म्हणून वरून तपास आला. नाक्याच्या शिपायाने सांगून टाकलं की कोळ्यांनी बाहेर समुद्रात सरकारी पिंपं फोडून तेल आणलं, होड्या बघा. होड्या तर बोलतच होत्या. सगळ्या जप्त केल्या तर बंदर बंद पडेल, म्हणून ज्याची पहिली माखली त्याची जप्त. आमची होडी धक्क्याला बांधली, दोराच्या गाठीवर लाखेचं सील मारलं. शिमग्याच्या दिवसांत मुंबईहून बंदराचा साहेब येईल, तो चौकशी करील, चोरी ठरली तर होडी सरकारजमा. होडी गेली तर बा दुसऱ्याच्या होडीवर खांदेकरी, मजुरीचा गडी. तो तांडेलाचा, स्वतःची होडी हाकणाऱ्याचा, मुलगा होता. त्याने पेठेतल्या एका कारकुनाकडून अर्ज लिहून घेतला, तीन कागद भरून. साहेबाच्या कचेरीत पाठवला. उत्तर आलं नाही. दुसरा पाठवला. त्याचंही नाही.

मी बाला म्हटलं, "कागद कोन वाचतंय? मी चितारून दावतो."

"कशावर चितारतंस?"

मी शिडाकडे बोट दाखवलं. जप्ती आली तेव्हा ते धुवायला काढलेलं होतं म्हणून घरात राहिलं होतं. आमचं एकच शीड. कापडाला कंट्रोल, नवं मिळणं नाही. बा म्हणाला, "त्याला हात लावलास तं हात तोडीन." पण डागांनी ते निम्मं काळं झालेलंच होतं. दुसऱ्या दिवशी बा अर्जाच्या खटपटीला आठवडाभर मुंबईला गेला तेव्हा मी ते बोंबील वाळवायच्या मैदानात पसरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि वहाणा काढून त्याच्यावर चढलो.

आता माझं वय एवढं झालं, लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली, पण तसा आठवडा पुन्हा आला नाही. होडीच्या नाकावर वीतभर डोळा काढणाऱ्या माणसाला एकदम अंगणाएवढी जागा मिळाली होती. काळा रंग तर घरात हंडे भरून. नुसता लावला तर वाहायचा, म्हणून मी त्यात चुलीतली राख आणि वितळवलेली राळ घातली, तेव्हा तो कापडाला धरून बसला. पांढरा चुना. तांबडा गेरू. निळीची पुडी इब्राहिमचाचाच्या दुकानातून. इब्राहिमचाचा मोहल्ल्यातले, दोरखंड आणि रंग विकायचे. जवानीत आगबोटीवर खलाशी होते, आधीच्या लढाईत त्यांची आगबोट बुडाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते स्वतः त्यावर बोलत नसत. मी केरसुणीचा कुंचा करून पाय फाकवून रंग ओढत होतो. हात दुखला की पायाने. दोन दिवस जेवायचीही शुद्ध नव्हती, आय भाकरी आणून तोंडात कोंबायची आणि शिव्या द्यायची.

बाहेर दर्यात विमानांनी आगबोट फोडली अशी बंदरावर बोलवा होती, म्हणून शिडाच्या टोकाला, जिथे ते निमुळतं होतं, तिथे मी दोन विमानं काढली. खाली आगबोट, मधोमध मोडलेली, तिच्यातून तेल ओततंय. मग काळा समुद्र. त्यात उताणे मासे, बगळा, चिंबोऱ्या. आणि तळाला आमचं बंदर.

इब्राहिमचाचा बघायला आले. काठी टेकून शिडाभोवती एक चक्कर मारली. मला वाटलं, आता वाहवा म्हणतील.

"बेटा, आगबोट काढलीस, मासे काढलेस," ते म्हणाले. "खलाशी कुठं हायत?"

"खलाशी?"

"आगबोट काय आपोआप चालते? हे तेल तुमच्या बंदरात आलं, ते कुनाच्या तरी अंगावरून आलंय. पानी पेटतं रे, हऱ्या. तेल पसरलं की दर्याच पेटतो. माणूस बुडी मारतो, जवर दम हाय तवर खाली राहतो, वर आला की आग." त्यांनी काठीने काळ्या समुद्राची कड दाखवली. "मी पोहलो तो काठाकाठानं. बाकीचे मधे होते."

आम्ही हसत हसत हंडे भरले होते, ते मला तेव्हा आठवलं. मी गेरू घेतला आणि काळ्या समुद्रात माणसं काढायला लागलो. चाचा शेजारी बसून सांगत होते, हात असा, मान अशी, तोंड उघडं नको, तोंडात तेल जातं, ते मिटलेलं काढ. अकरा माणसं झाली. मग ते म्हणाले, बस.

खाली बंदर काढताना मी जे बघितलं तेच काढलं. बायका, घमेली, पोरं. मधोमध हंडा भरणारा बा, सुटलेल्या पोटासकट. आणि चौकीमागे छत्रीला तेल फासणारा शिपाई.

बाने मुंबईहून परत आल्यावर संध्याकाळी ते बघितलं. मारायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. बराच वेळ बघून तो हळू म्हणाला, "मला पूस."

"का?"

"साहेब बघेल. तेल घेतलं हे तू सोताच दावतंस. तेल आलं, होड्यांना लागलं, एवढंच ठेव. शिपाई पन पूस. ते लोक आपल्याला जगू देनार नायत."

"तेल आपन घेतलं."

"तं काय झालं! होडी कुनाची जानार हाय? तुजी?" बा विनवत होता. मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "बा, तुला पुसलं तं तेल आपोआप होड्यांवर चढलं असं दिसेल. ते कोन मानेल?" आय म्हणाली, "सोडा त्याला, त्यानं पाटी पुसली नाय, शीड काय पुसतोय."

होळी झाली. शिमग्याचे पाच दिवस आमच्याकडे सगळ्यांना सगळं माफ. सोंगं काढायची, मुकादमाची नक्कल त्याच्याच दारात करायची, सासऱ्याला जावयाने चार गोष्टी ऐकवायच्या, आणि कुणी राग धरायचा नाही. राग धरला तो गावाच्या नजरेतून उतरला. धुळवडीच्या दिवशी दुपारच्या भरतीला साहेबाची लाँच येणार म्हणून निरोप होता. मी आणि माझे चार दोस्त, तोंडं चुन्याने आणि काजळीने रंगवलेली, शीड खांद्यावर घेऊन जप्त होडीवर चढलो. शिपाई छत्री हलवत धावत आला, "उतरा, सरकारी होडी आहे!" मी म्हटलं, "सील दोराला हाय, ते बघा, शाबूत हाय. शिमगा हाय, आमचं सोंग हाय." लोक हसले. आम्ही केळीच्या सोपटाने गुंडाळून बांधलेलं शीड डोलकाठीवर चढवलं. बांधलेलं असताना ते नुसती एक लांब वळकटी दिसतं, आत काय आहे कुणाला कळत नाही.

लाँच वळणावर दिसली. धक्क्यावर दोनतीनशे माणूस, सगळे रंगाने भरलेले, ढोल चाललेला. साहेब पांढऱ्या पाटलोणीत, मुंबईचाच मराठी माणूस, नाकाला रुमाल. तो पायरीवर पाय ठेवतो तोच मी ओरडलो आणि आम्ही पाचांनी दोर खेचला. सोपटं फटाफट तुटली. दुपारचा वारा चांगला लागलेला होता. शीड एका दमात फुगलं, होडीने दोराला अशी ओढ दिली की धक्क्याचा खुंटा हलला, आणि ती विमानं, ती आगबोट, तो काळा दर्या सगळ्या बंदराच्या डोक्यावर उभा राहिला. ढोल थांबला. मी स्वतः ते आतापर्यंत आडवंच बघितलं होतं. आता ते उभं होतं. वाऱ्याने शीड हलत होतं, आणि माझी पाण्यातली माणसं पोहत होती.

साहेबाने रुमाल खाली घेतला. "हे काय?"

आय पुढे झाली. "साहेब, शिमगा हाय. शिमग्यात राग धरायचा नसतो."

साहेब जवळ आला. खालून वर बघितलं, मग वरून खाली. "ही माणसं कुठली? आपली की शत्रूची?"

इब्राहिमचाचा गर्दीतून म्हणाले, "साहेब, बुडताना माणसाचा बावटा दिसत नाय."

साहेबाने बोट हंडेवाल्यावर ठेवलं. "आणि हा कोण?"

मी बाकडे बघितलं. तोंड उघडलं असतं तर मीच काहीतरी खोटं बोललो असतो. बा हात जोडून उभा होता. त्याने हात सोडले.

"मी, साहेब."

"म्हणजे तेल घेतलंस."

"घेतलं. दर्यानं दारात टाकलं, ते घेतलं. पिंप बघितलं पन नाय. आमाला वाटलं मुशीच्या तेलागत वाळेल. वाळत नाय, साहेब. आमचीच जाळी गेली, आमचंच म्हावरं मेलं."

साहेबाचं बोट सरकलं. "हा छत्रीवाला?"

आधी कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं बंदर हसायला लागलं. शिपाई म्हणाला, "हा मी नव्हे." एक म्हातारी म्हणाली, "आमी कुठं तुजं नाव घेतलं?"

साहेब वळला. "छत्री उघडा."

"साहेब, ती बिघडली आहे."

"उघडा."

त्याने उघडली. उघडली म्हणजे ओढली. महिनाभर मिटून चिकटलेलं कापड चरचर करत सुटलं, काड्याकाड्यांमध्ये काळ्या तारा लोंबायला लागल्या आणि त्यातली एक सावकाश साहेबाच्या पांढऱ्या पाटलोणीवर जाऊन बसली. साहेबाने ती बोटाने पुसली, बोट हुंगलं, मग शिडाला बोट लावून हुंगलं. नंतर चौकीत जाऊन अर्धा तास लिहीत बसला.

पुढे लोक म्हणायचे, साहेब चांगला होता. साहेब चांगला नव्हता. चित्र चांगलं होतं. हे मी आजही कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. तेल लढाईमुळे वाहून आलं, कोळ्यांची चोरी नाही, असं त्याने कागदावर लिहिलं, लाखेचं सील स्वतः तोडलं आणि होडी सोडली. बंदरात असा गलका झाला की ढोलवाल्याचा ढोल कुणाला ऐकू आला नाही. आणि त्याच गलक्यात साहेबाची माणसं काठीवरून शीड उतरवायला लागली. मी धावलो. साहेब म्हणाला, "हा पुरावा आहे. वर पाठवावा लागेल. पावती मिळेल." पावती मिळाली. कारकुनाने वाचून दाखवली: जुने शीड, नग एक, डागाळलेले. शीड परत आलं नाही. कुठल्या कचेरीत उंदरांनी खाल्लं असेल किंवा कुणी पावसात छपरावर टाकलं असेल. दोनदा मुंबईला जाऊन विचारून आलो, मग सोडून दिलं.

तेल पावसाळ्यापर्यंत राहिलं, मग हळूहळू गेलं. खाडीचा आता कोणता रंग असतो ते मी सांगत नाही, पुलावरून जाताना काच खाली करा आणि बघा.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. होडी होती, शीड नव्हतं. बाकीच्या होड्या शिडं लावून आमच्या पुढे गेल्या, आम्ही दोघं वल्ही मारत मागे. शिडाबद्दल बा एक अक्षर बोलला नव्हता, आदल्या दिवसापासून. तळहात सोलायला लागले तरी बोलला नाही. मला वाटलं, आता बाहेर गेल्यावर पाण्यात ढकलतो की काय. वळणापलीकडे गेलो, बंदर दिसेनासं झालं, तेव्हा वल्हं न थांबवता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माजं पोट येवढं मोठं नाय हाय."

मी म्हटलं, "हाय."

त्याने चारपाच वल्ही मारली, आणि मग वाकून स्वतःच्या पोटाकडे बघितलं.